सहा वर्षं काम चालू आहे, तरी भिंत ओलीच

एका वाचक भगिनींचं पत्र थोडक्यात असं: आईचं घर साधारण ८० वर्षांचं, दुमजली. खालच्या भिंती मातीत बांधलेल्या दगडाच्या, सुमारे ४५० मिलिमीटर जाडीच्या. वर कडीपाटाची लाकडी माडी आणि कौलारू छप्पर. घरात आई, पत्र लिहिणाऱ्या भगिनी, त्यांचे पती आणि दोन मुलं राहतात. पैसे साठतील तसं गेली सहा वर्षं काम चालू आहे. आधी स्वयंपाकघर नवं केलं, मग हॉल रंगवला, मग बाहेरून सगळीकडे सिमेंटचा गिलावा चढवला. आता स्वयंपाकघराच्या भिंतीत ओल चढते आहे, टाइल्स पोकळ वाजतात, कपाटांना बुरशीचा वास येतो. माडीची जमीन मधोमध झुकल्यासारखी वाटते. थोरले भाऊ म्हणतात, पाडून नवं बांधू. पती थकले आहेत. त्या विचारतात: "आमचे सहा वर्षांचे पैसे वाया गेले का? कर्ज काढून एकदाच सगळं उरकावं, की पाडावं? आणि माडीवर मुलांसाठी बाथरूम करायचं ठरलंय, टाइल्सही आणून ठेवल्यात. तेवढं तरी आता करून घेऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते घाईचं आहे: माडीवरचं बाथरूम सध्या थांबवा. का, ते पुढे माडीच्या मुद्द्यात येईल.

सहा वर्षांत घर पुरं झालं नाही याबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय, असं पत्रातून जाणवतं. तो भार खाली ठेवा. माणसं राहत असलेलं जुनं घर बचतीच्या पैशांवर दुरुस्त करायला इतकी वर्षं लागणं स्वाभाविक आहे. अडचण वेळेची नाही, क्रमाची आहे. तुम्ही डोळ्यांना दिसणाऱ्या कामापासून सुरुवात केलीत: ओटा, कपाटं, रंग. जुन्या घराला उलटा क्रम लागतो: छप्पर आणि पाणी, मग भार पेलणारे भाग, मग भिंतीत जाणाऱ्या वायरी आणि नळ, मग गिलावा, आणि रंग-फरशी अगदी शेवटी. हा क्रम चुकला की खालचं काम करायला वरचं फोडावं लागतं. तुमच्या टाइल्सच्या बाबतीत आज तेच होतं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात अधूनमधून खंड पडतोच. कुणी आजारी पडतं, नोकरी बदलते, पैसे दुसरीकडे लागतात. म्हणून पुढचा कोणताही टप्पा ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम संपल्यावर दोन वर्षं काहीच करता आलं नाही, तर घर आजच्यापेक्षा खराब होईल का? "होईल" असं उत्तर आलं तर तो टप्पा नीट आखलेला नाही. अर्धं उघडलेलं छप्पर, गिलावा काढून तशीच ठेवलेली पावसाच्या बाजूची भिंत, टेकू देऊन सोडलेली तुळई या थांबण्याच्या जागा नव्हेत. छपराचा एक पूर्ण उतार, एक पूर्ण खोली, घराची एक पूर्ण बाजू अशा मापात काम तोडा.

आता ओल. ती नेमकी कुठून येते हे आधी ठरवा, कारण तिन्ही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. छपरातून किंवा पन्हळीतून झिरपणारं पाणी वरून खाली डाग पाडतं आणि पावसानंतर वाढतं. जमिनीतून चढणारी ओल सहसा साधारण १ मीटर उंचीपर्यंत येते, वर लाटेसारखी रेघ उमटते आणि त्या रेघेवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटतो. तिसरी ओल घरातल्या वाफेची. ती थंड भिंतीवर, कोपऱ्यात, कपाटामागे दवासारखी जमते. शंका असेल तर भिंतीवर साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या अंगाला थेंब जमले तर वाफ, भिंतीकडच्या अंगाला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. स्वयंपाकघरात दोन्ही असू शकतं, म्हणून तीन-चार जागी करून पाहा. नळाची गळतीही विसरू नका: रात्री सगळे नळ बंद करून मीटर किंवा टाकीची पातळी लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा.

तुमच्या बाबतीत संशयाची सुई बाहेरच्या सिमेंट गिलाव्याकडे जाते. "सिमेंट मजबूत, म्हणून घर मजबूत" हे गृहीतक जवळजवळ प्रत्येक जुन्या घराचं नुकसान करतं, आणि चांगल्या हेतूनेच करतं. मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत थोडं पाणी शोषते आणि दोन्ही अंगांनी ते हवेत सोडते. तिचं कोरडं राहणं या सोडण्यावर अवलंबून असतं. सिमेंटचा थर कडक आणि घट्ट असतो. भिंत ऊन-पावसाने किंचित हलते, थर हलत नाही, म्हणून त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण थरातून वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. मग ते आतल्या बाजूला वाट शोधतं आणि तुमच्या टाइल्समागे येतं. टाइल्सनी ती वाटही बंद केली, म्हणून ओल आणखी वर चढली. पाण्याबरोबर आलेले क्षार सुकताना खडे धरतात आणि गिलावा सोलून काढतात. भिंतीच्या पोटातली माती ओली राहिली तर तिची ताकद कमी होते, आणि हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीत दोष नाही. तिची वाट दोन्हीकडून अडवली गेली आहे.

म्हणून उद्याच छिन्नी-हातोडा घेऊन सगळं सिमेंट पाडायला निघू नका. आधी पाणी दूर करा. पावसात हातात विजेरी घेऊन माळ्यावर जा आणि वासे, रिपा, कौलांच्या खालच्या बाजू पाहा. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा एक नसते. पाणी वाशावरून बरंच खाली ओघळून मग पडतं, म्हणून डागापासून वरच्या दिशेने शोध घ्या. सरकलेली आणि तडकलेली कौलं, दोन उतार मिळतात तिथला गंजलेला पत्रा, भिंत आणि छप्पर यांचा सांधा, या तीन जागी बहुतेक गळत्या सापडतात. पन्हळीला दर ३ मीटरला ६ ते १० मिलिमीटर उतार हवा. खाली येणारा पाइप भिंतीच्या मुळाशी पाणी ओतत असेल तर ते किमान दीड-दोन मीटर लांब न्या. एवढ्या एका कामानेही पुष्कळ घरांची निम्मी ओल जाते.

मग बाहेरची जमीन. वर्षानुवर्षं भर पडून, फरशा बसवून अंगणाची पातळी वाढत जाते आणि जोतं बुडतं. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये भिंतीपासून लांब जाणारा उतार द्या, दर मीटरला २० ते २५ मिलिमीटर. भिंतीला चिकटून काँक्रीट असेल तर ३०० मिलिमीटर रुंदीची पट्टी तोडून तिथे खडी भरा, म्हणजे भिंतीच्या मुळाला हवा लागेल. खणताना पायाच्या तळाच्या खाली जाऊ नका. जुन्या घरांचे पाये कधीकधी अनपेक्षित उथळ असतात. एका वेळी मीटरभर लांबीचाच तुकडा उघडा, तो भरा, मग पुढचा घ्या.

हे झाल्यावर गिलाव्याकडे वळा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. पोकळ वाजेल तिथे आणि जमिनीपासून मीटरभर उंचीत सिमेंट काढा. काम हाताच्या छिन्नीने करा. यांत्रिक ब्रेकरच्या हादऱ्याने मातीतले दगड सुटतात. जिथे थर घट्ट बसलेला आहे आणि आतली भिंत कोरडी आहे तिथे तो राहू द्या. तो ओढून काढताना दगडाचा पृष्ठभागच सोबत येतो. काढल्यावर भिंतीवर क्षार उमटतील. ते कोरड्या ब्रशने खाली कागदावर झाडून घराबाहेर टाका. धुऊ नका, कारण धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

त्यानंतर थांबायचं आहे, आणि हा थांबण्याचा काळ बहुतेकांना सोसत नाही. जाड भिंत वाळायला ठोकळमानाने दर २५ मिलिमीटर जाडीमागे एक महिना लागतो. तुमची ४५० मिलिमीटरची भिंत एकाच अंगाने उघडी असेल तर दीड वर्ष, दोन्ही अंगांनी उघडी असेल तर जवळपास त्याच्या निम्मं. पावसाच्या बाजूची भिंत इतका काळ उघडी ठेवता येत नाही. तिथे वळचणीखाली ताडपत्री भिंतीपासून हातभर लांब बांधा किंवा चुन्याचा एक पातळ थर लगेच द्या. चुन्याच्या थरातून भिंत वाळतच राहते.

"कर्ज काढून एकदाच उरकावं का" याचं अर्धं उत्तर इथेच आहे. कर्जाने भिंत लवकर वाळत नाही. ओल्या भिंतीवर घाईने चढवलेला नवा गिलावा, नवी कपाटं, नवा रंग पुन्हा तसाच सुटेल आणि हप्ते मात्र चालू राहतील. कर्ज काढायचंच तर ज्या कामाचे तुकडे पडत नाहीत त्यासाठी काढा. छप्पर हे असं काम आहे. ते एका कोरड्या मोसमात उघडून, दुरुस्त करून, बंद करायला लागणारा सगळा पैसा हाताशी असल्याशिवाय एक कौलही हलवू नका.

स्वयंपाकघरातले पैसे पूर्ण वाया गेलेले नाहीत. कपाटं स्क्रूवर असतील तर सुटी करा आणि मागच्या पाट्या काढून उन्हात वाळवा. पुन्हा बसवताना भिंतीपासून ५० मिलिमीटर पोकळी ठेवा, खाली आणि वर जाळीची भोकं द्या. फुगलेल्या पाट्या तेवढ्या बदला. ओल्या भिंतीवरच्या टाइल्स जातील. ओट्याच्या मागे पाणी उडतं तेवढ्या पट्ट्यापुरत्या टाइल्स नंतर लावता येतील. बाकी भिंतीला चुना आणि वाफ बाहेर काढणारा पंखा द्या.

चुन्याचं काम करणारे गवंडी आता कमी आहेत, म्हणून तुम्हालाच थोडी माहिती हवी. गिलाव्यासाठी मुरवलेला चुना १ भाग आणि स्वच्छ, जाडसर, वेगवेगळ्या आकाराच्या कणांची वाळू ३ भाग, घमेल्याने मोजून. वाळू तपासायला काचेच्या बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून हलवा आणि काही तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या ६ ते ८ टक्क्यांहून जाड दिसला तर ती धुऊन घ्या. थैलीतला विझवलेला चुना वापरणार असाल तर तो ताजा हवा. जुना साठा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निकामी होतो. ताजा चुना किमान एक दिवस पाण्यात भिजवून लोण्यासारखा होऊ द्या. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना विझवताना नेहमी पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो आणि डोळे कायमचे जाऊ शकतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका, मुलांना तर नाहीच.

भिंत आधी पाण्याने भिजवा. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, दुसरा ८ ते १०, वरचा गुळगुळीत थर ३. दुसरा थर कधी द्यायचा? पहिल्यावर अंगठा दाबून खळगा पडत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, तेव्हा. चुना पाणी सुकल्याने घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. म्हणून भर उन्हात किंवा वाऱ्यात काम करू नका. ओलं गोणपाट टांगून पाच ते सात दिवस दमट ठेवा. नाहीतर वरचा थर पीठ होऊन हाताला लागतो आणि मग गवंडी म्हणतो, "बघा, चुना टिकत नाही." वरून चुन्याचीच सफेदी द्या, दुधाइतकी पातळ, एकेका दिवसाच्या अंतराने चार-पाच हात. सिमेंटची पुट्टी, ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग त्यावर लावलात तर सगळी मेहनत पुन्हा बंद पेटीत जाईल.

आता माडी. झुकलेली दिसणारी प्रत्येक जमीन धोक्याची नसते. लाकूड दशकांच्या भाराने कायमचं वाकतं आणि तसंच टिकतं. प्रश्न असतो, ते अजून वाकतंय का? एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून मधलं अंतर मोजा, तारखेसह लिहा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. नव्या लाकडी जमिनीला भाराने येणारा झोल लांबीच्या ३६० व्या भागाच्या आत ठेवतात, म्हणजे ३.६ मीटरला १० मिलिमीटर. जुन्या जमिनीत याहून जास्त आढळला म्हणून घाबरू नका. आकडा वाढत असेल, चालताना कपाटातली भांडी वाजत असतील किंवा भिंतीत नवी चीर दिसली, तर मात्र लगेच अभियंत्याला बोलवा आणि तोवर तिथलं जड सामान हलवा.

तुळया मधोमध क्वचित मोडतात. त्या भिंतीत शिरलेल्या टोकांशी कुजतात, कारण तिथे ओली भिंत आणि बंद हवा असते. तुमच्या भिंतीची ओल पाहता ही टोकं तपासणं टाळू नका. दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. निरोगी लाकडात तो एखाद-दोन मिलिमीटर जातो, कुजलेल्यात सहज रुततो. पेन्सिलीच्या जाडीची मातीची नळी भिंतीवरून चढताना दिसली तर वाळवी आहे. बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड असेल तर लाकूड पोखरणारी कीड आहे. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओलावा लागतो. ओल न घालवता नुसतं औषध मारलंत तर ती पुन्हा येते.

टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज सहसा नसते. आधी खालून टेकू देऊन भार उचलून धरतात, कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापतात आणि त्याच जातीचं, पूर्ण वाळलेलं लाकूड तिरप्या लांब सांध्याने जोडून बोल्टने आवळतात, किंवा दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या देतात. टोक परत भिंतीत घालताना खाली दगडाची बैठक आणि भोवती २० ते २५ मिलिमीटर हवेची जागा ठेवा. सुताराला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने सिमेंटने लिंपून टाकेल. झुकलेली माडी जॅकने एका दिवसात सरळ करू पाहणाऱ्याला थांबवा. वरच्या भिंती आणि छप्पर त्या झुकावाशी जुळवून बसलेले असतात. उचलायचंच असेल तर आठवड्याला काही मिलिमीटर, आणि बहुतेकदा आहे तिथे बळकट करून सोडणं शहाणपणाचं.

बाथरूमला थांबवायला सांगितलं ते याच मुद्द्यामुळे. काँक्रीटचा फक्त ५० मिलिमीटरचा थर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १२० किलो भार टाकतो. ४ चौरस मीटरच्या बाथरूममध्ये ४८० किलो, त्यावर टाइल्स, विटांच्या आडभिंती आणि पाण्याची भरलेली टाकी. ज्या तुळयांची टोकं अजून कुणी पाहिलेली नाहीत त्यांच्यावर हे ठेवणं धोक्याचं आहे. शिवाय लाकूड किंचित हलतं, टाइल्सचा सांधा हलत नाही, आणि तिथून झिरपणारं पाणी नेमकं तुळईवर पडतं. वर बाथरूम हवंच असेल तर जमिनीतून उभ्या राहणाऱ्या स्वतंत्र खांबांवर, घराच्या भिंतीला लागून, खालच्या न्हाणीघराच्या वर करा. मैल्याचा पाइपही मग सरळ खाली उतरतो. जलरोधक थर दिल्यावर टाइल्स लावण्याआधी २५ ते ५० मिलिमीटर पाणी ४८ तास साठवून खालून पाहा. ही चाचणी टाळणाऱ्याला काम देऊ नका.

एक काम मात्र क्रमाची वाट न बघता या महिन्यात करा. इतक्या जुन्या घरात कापडी किंवा रबरी वेष्टनाच्या वायरी आणि नावापुरतं अर्थिंग असण्याची शक्यता खूप, आणि ओल्या भिंतीत ते जिवावर बेतू शकतं. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नका. कुठेतरी वीज ओलीत गळते आहे, हेच तो सांगतोय. सगळं वायरिंग नंतर, गिलाव्याच्या आधी बदला. त्या वेळी भार पेलणाऱ्या भिंतीत आडव्या लांब खाचा मारू देऊ नका. उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. वायरी आणि नळ झाकण्यापूर्वी भिंतीशी टेप धरून फोटो काढा. जुने लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले असतात, तेही याच खेपेला बदला आणि बुजवण्याआधी दाबाची चाचणी घ्या.

दारं-खिडक्यांवर थरावर थर ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना सर्वात अपायकारक असते. ओलं करून खरवडा, मुलांना त्या दिवसांत लांब ठेवा आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू किंवा भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

भावांच्या म्हणण्याकडे येऊ. ते घराच्या विरोधात आहेत असं तुम्ही मानता, पण त्यांच्या "पाडू या"मध्ये एक रास्त प्रश्न आहे: एकूण खर्च किती, आणि तो कधी थांबणार? सहा वर्षांत हा हिशेब कुणी मांडलेला नाही. तो मांडा. जुनी दगडी आणि लाकडी बांधकामं हाताळलेल्या अभियंत्याकडून एकदा पूर्ण पाहणी करून घ्या. त्या अभियंत्याने पाच वर्षांपूर्वी दुरुस्त केलेलं एखादं घर आज कसं आहे ते जाऊन बघा. मग दोन अंदाज समोर ठेवा, दोन्हींमध्ये तीच खोल्यांची संख्या आणि तीच सोय धरून. नव्याच्या बाजूला पाडण्याचा आणि राडारोडा हलवण्याचा खर्च, मधल्या काळातलं भाडं आणि आजच्या नियमांप्रमाणे सोडावी लागणारी जागा धरा. जुन्याच्या बाजूला अंदाजावर २० टक्के राखीव रक्कम धरा, कारण भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच.

पाडणं योग्य ठरतं अशी घरं असतात. पाया अजूनही खचतो आहे, दगडी भिंतीची दोन अंगं एकमेकांपासून सुटून मधे पोट आलं आहे, किंवा बहुतेक तुळया दोन्ही टोकांना गेल्या आहेत, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. ते ठरवण्यासाठी भेगांवर लक्ष ठेवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून अंतर आणि तारीख लिहा, किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे सगळे ऋतू येऊन जातील. कोरड्या आणि ओल्या मोसमात उघडझाप करणारी भेग फारशी काळजीची नसते. एकाच दिशेने वाढत जाणारी आणि ५ मिलिमीटरहून रुंद झालेली भेग तज्ज्ञाला दाखवा. ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून पाहा: एका मजल्याच्या उंचीत २५ मिलिमीटरपर्यंतचा जुना, स्थिर कल जाड भिंतीत सहसा चालतो.

आणि पुढचा पैसा घालण्याआधी मालकीबद्दल बोला. घर आईच्या नावावर, खर्च तुमचा, हक्क सगळ्या भावंडांचा अशी स्थिती असेल तर ती आईच्या हयातीत, सगळ्यांसमोर, कागदावर स्पष्ट होऊ द्या. आतापर्यंत कुणी किती घातलं, पुढे वाटणी झाली तर ते कसं धरायचं, मोठ्या कामाला कुणाची संमती लागेल, हे वकिलाच्या मदतीने लिहा. हे बोलणं अवघड आहे हे मान्य. पण पुढच्या टप्प्यानंतर ते आणखी अवघड होईल, कारण रक्कम वाढलेली असेल.

तुमच्या पत्रात आईच्या घराबद्दल खूप आहे, आईला काय हवंय हे मात्र कुठेच नाही. त्यांना विचारा. या वयात माणसाला बहुधा तळमजल्यावर झोपायची कोरडी खोली, रात्री दिसेल असा दिवा, न घसरणारं आणि उंबरठ्याशिवायचं न्हाणीघर यांची गरज आधी असते. आधाराचा दांडा मातीच्या जोडणीच्या भिंतीत नुसत्या प्लगवर लावू नका, भार येताच तो उपटतो. भिंतीवर जाड फळी अनेक ठिकाणी बोल्टने बसवून तिच्यावर दांडा लावा. ही एक खोली आणि हे न्हाणीघर आधी पूर्ण करा आणि बाकी काम चाललेलं असताना तो भाग धुळीपासून वेगळा ठेवा, दाराला एकमेकांवर येणारे दोन प्लॅस्टिकचे पडदे लावून. घरात काम नसलेली एक कोरडी जागा असली की तुमच्या पतींचा थकवाही कमी होईल. माणसं कामाला कंटाळत नाहीत इतकी ती धुळीत जगण्याला कंटाळतात.

पहिल्या वर्षात अर्थिंग, छप्पर, पन्हळ, अंगणाचा उतार, आईची खोली आणि मोजमापं, एवढंच. दुसऱ्यात तुळयांची टोकं आणि सिमेंट काढणं. भिंती वाळत असताना वायरी आणि नळ. चुना त्यानंतर, भिंत तयार झाल्यावर, तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे. कामं टप्प्याटप्प्याने लेखी ठरवा: कोणती जागा, कोणतं साहित्य, कोणतं प्रमाण, राडारोडा कोण उचलणार. पैसे झालेल्या कामामागून द्या, त्याच्या पुढे धावू नका. छपराच्या कामातले १० टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा, आणि ही अट काम सुरू होण्याआधी सही करून घ्या.